पुष्कर गावाला गेला होता

वसंत मेस्त्रींना हळू बोलता येत नसे. लालबागच्या तीन मजली चाळीत ते पहिल्या मजल्यावर राहत. त्यांनी बायकोला नुसतं "कमल, चहा" म्हटलं तरी वरून कोणीतरी ओरडायचं, "वहिनी, दोन कप जास्त टाका!" एका विमा कचेरीत शिपाई म्हणून त्यांची नोकरी झाली. तिथले साहेब म्हणत, मेस्त्री, फाईल आणा, पण तोंड उघडू नका. चाळीत मात्र ह्याच आवाजाला मान होता. इथं ते वसंतभाऊ होते आणि मंडळाचा माइक म्हणजे वसंतभाऊ, हे ठरलेलं होतं. पूजा असो, रक्तदान असो, पाणी येणार नसल्याची सूचना असो, वसंतभाऊ माइकवर दोनदा टिचकी मारायचे आणि चाळ गप्प व्हायची.

गणपतीत तर त्यांना जेवायला फुरसत नसे. गर्दीत आईबापांचा हात सुटलेली पोरं मंडपामागच्या टेबलावर आणून बसवत. वसंतभाऊ त्यांना बिस्कीट देत, नाव विचारत आणि माइकवर ते नाव असं काही घेत की गर्दीच्या दुसऱ्या टोकाला पोराच्या आईच्या काळजात धस्स होई. केस सुटलेली, चप्पल हरवलेली ती बाई धावत यायची, पोराला आधी एक धपाटा घालायची आणि मग छातीशी धरून रडायची. हे इतकी वर्षं बघून वसंतभाऊंचा एक विश्वास बसला होता. माणसाचं नाव माइकवर नीट घेतलं की माणूस आपल्या घरी पोचतो. तो विश्वास अगदीच खोटा नव्हता. तो हरवलेल्या लहान पोरांपुरता खरा होता, एवढंच. पण हे सांगणारं कोणी त्यांना साठी उलटेपर्यंत भेटलं नाही, आणि भेटलं असतं तरी त्या आवाजापुढे त्याचं ऐकू कुठून येणार?

दुसऱ्या मजल्यावर दीपिका राहायची. नवरा लवकर गेला. दादरच्या एका पोळीभाजी केंद्रात ती पहाटेपासून पोळ्या लाटायची. तिचा एकुलता एक मुलगा पुष्कर. अभ्यासात बेताचा, बोलायला कमी, आणि कोणी "चल रे" म्हटलं की जाणारा. सोळाव्या वर्षी तीन मोठ्या पोरांनी "चल रे" म्हटलं आणि हा गेला. दुकानाचं शटर उचकटताना रखवालदार आडवा आला, त्याला कोणीतरी ढकललं, त्याचा पाय मोडला. बाकीचे पळाले. पुष्कर रखवालदाराला उठवत बसला आणि पकडला गेला. संध्याकाळी पोलीस चौकशीला चाळीत आले ते सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपिका नळावर आली. डोळे सुजलेले. हंडा लावता लावता कोणी न विचारताच म्हणाली, "पुष्करला गावाला पाठवला. देवगडला, मामाकडे."

"बरं केलंस," कमल म्हणाली. "गावची हवा चांगली."

"पोरांना गाव माहीत पाहिजेच," शेजारची म्हणाली.

आणि विषय संपला. चाळीतल्या भिंती अर्ध्या विटेच्या. तिथं गुपित राहत नाही. म्हणून चाळीतल्या माणसांना एक वेगळीच विद्या शिकावी लागते. सगळं ठाऊक असायचं आणि तोंडावर काहीच दाखवायचं नाही. पुष्कर सुधारगृहात होता तेवढा काळ चाळीत पुष्कर गावाला होता. दीपिका महिन्याच्या भेटीला निघाली की बायका विचारायच्या, "भावाकडे फोन लावलास का? कसा आहे पोरगा?" ती म्हणायची, "बारीक झालाय." दोघींनाही कळायचं कुठल्या पोराबद्दल बोलणं चाललंय.

त्या भेटींना वसंतभाऊ सोबत जात. हे श्रेय त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. दीपिकाला कचेऱ्यांची भीती वाटायची, म्हणून ते काका म्हणून पुढे होत. पुष्करची केस बघणारी परिवीक्षा अधिकारी मेघना म्हणून एक तरुण बाई होती. सुटल्यावर मुलगा काय करणार, हे तिनं विचारलं तेव्हा वसंतभाऊंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "ते माझ्याकडे लागलं." नुसतं सांगितलं नाही, केलंही. सीताराम मसाला कुटायचा डंक, म्हणजे कांडपयंत्र, चालवायचा. वसंतभाऊंच्या गावाकडचा माणूस. त्याच्याकडे ते तीनदा गेले, चौथ्यांदा कमलला घेऊन गेले, आणि पुष्करला कामाला घ्यायचं कबूल करून घेतलं.

पुष्कर परत आला तो गणपतीच्या आदल्या आठवड्यात. त्या दिवशी दीपिकानं एक गोष्ट केली. लालबागच्याच कोकणी मालाच्या दुकानातून तिनं खाजा आणला, घरी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या आणि पुष्करला बरोबर घेऊन दारोदार वाटला. "गावाहून आणलाय ह्यानं." त्या दुकानाचा खाजा अख्खी चाळ आठवड्याला खात होती. आल्याचा वास कुठला, गुळाचा रंग कुठला, सगळ्यांना पाठ. पण प्रत्येकानं पुडी घेतली, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हटलं, "गावच्या खाज्याची सर नाही हो इथल्याला." तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर विचारलं, "काय रे, औंदा गावी पाऊस कसा होता?"

पुष्कर क्षणभर आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चांगला होता, आजोबा."

वसंतभाऊंनीही खाजा खाल्ला होता. तो खाताना त्यांना भरून आलं होतं. पण भरून येणं वेगळं आणि कळणं वेगळं.

डंकावर पुष्कर रमला. लालबागच्या डंकाची एक रीत आहे. बाई आपल्या मिरच्या, आपला भाजलेला गरम मसाला घेऊन येते आणि आपल्या डंकासमोर स्टुलावर बसते. नाकाला पदर लावून, शिंका देत, पण नजर हलवत नाही. माल शेवटपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर कुटला गेला पाहिजे. सख्ख्या जावेवर सोडून ती उठत नाही, मग डंकवाल्याची काय कथा! पण दिवाळीनंतर सीतारामला एक नवल दिसलं. पुष्करसमोर बसलेल्या बायका मध्येच उठू लागल्या. गिरगावातून नेहमी येणाऱ्या एक बाई तर म्हणाल्या, "तू आहेस ना रे? मग मी समोरून हिंग घेऊन येते." पिशवी, पर्स, मिरच्या, सगळं तिथंच ठेवून गेल्या. सीतारामनं हे वसंतभाऊंना सांगितलं आणि वसंतभाऊंची छाती दोन इंच फुगली.

ती फुगलेली छाती घेऊन ते सव्वीस जानेवारीपर्यंत आले.

सव्वीस जानेवारीला चाळीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असते. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी हळदीकुंकू आणि दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार. चौकात स्टेज, चाळीच्या तोंडावर दोन भोंगे, त्यातला एक थेट रस्त्याकडे. पाहुणे म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. वसंतभाऊंनी नवी बंडी घातली होती आणि समोरच्या मुलीच्या हातात आपला फोन दिला होता, "शूटिंग नीट घे गो." मुलांचे सत्कार झाले. टाळ्या छान पडत होत्या. एक शाल आणि एक नारळ उरला होता, तो कमिटीतल्या कोणा ज्येष्ठासाठी होता की काय, ते आता कोणी सांगत नाही. वसंतभाऊंनी माइक जवळ ओढला.

"मंडळी, आणखी एक सत्कार आहे. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत तो नाही, पण माझ्या मनात आहे."

चाळ कौतुकानं ऐकत होती.

"मार्क मिळवणं सोपं, मंडळी. पडून उठणं कठीण. आपल्यातला एक मुलगा वाट चुकला. सव्वा वर्ष सुधारगृहात राहिला. पण आज तो स्वतःच्या पायावर उभा आहे, घाम गाळतोय, आणि ह्या चाळीनं त्याला हात दिला आहे! पुष्कर, बाळा, वर ये."

आता त्यांच्या मनात काय होतं ते खरं सांगायचं तर पोराचं कौतुक होतंच. त्यात खोट नव्हती. पण 'चाळीनं हात दिला' म्हणताना तो हात कोणाचा, हे लोकांना आपोआप कळेल, अशी एक बारीक आशाही होती. बारीक होती म्हणून त्यांना स्वतःला दिसली नाही.

पुष्कर खुर्च्यांमधून शिऱ्याचे द्रोण वाटत होता. हातात ताट होतं. तो थांबला. टाळ्या पडायच्या जागी काहीच पडलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या. दीपिका हळदीकुंकवाच्या तबकाजवळ होती, ती तशीच उभी राहिली. मग मुख्याध्यापकांनी, त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, एकट्यांनीच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. पुष्करनं ताट एका खुर्चीवर ठेवलं, हात पॅंटला पुसले आणि वर आला. न येणं त्याहून वाईट दिसलं असतं, हे त्याला त्या वयात कळलं. त्यानं मान वाकवली, शाल घेतली, नारळ घेतला, वसंतभाऊंच्या पायाला हात लावला. वसंतभाऊंनी त्याला मिठी मारली. रस्त्याकडचा भोंगा हे सगळं रस्त्याला सांगत होता.

आणि अजूनही त्यांना काही कळलं नव्हतं! लोक भारावून गप्प झालेत, असंच ते समजले. घरी पोचायच्या आधी त्यांनी ते शूटिंग मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिलं. खाली लिहिलं, 'अभिमान वाटतो.'

कमलनं त्यांना पाणी दिलं नाही. दार लोटून घेतलं आणि आवाज न चढवता विचारलं, "काय ह्या केलात तुमी?"

"काय केलंय? पोराचो सत्कार केलंय."

"कोणी सांगितल्यान होता?"

"अगो, सगळ्यांका ठावकच होता ना! मी काय नवीन सांगलंय?"

"सगळ्यांका ठावक होता. पण कोणाच्या तोंडातून एक शब्द इलो? त्याच्या आवशीन खाजो वाटल्यान, तो आमी खाल्लो. कित्याक खाल्लो? गोड आवडता म्हणान? तोंड बंद रवाचा म्हणान खाल्लो. तुमी पण खाल्लात."

कमलनं काय म्हटलं ते त्यांना हळूहळू, एकेक शब्द करून कळत गेलं. मग एकदम कळलं. त्यांनी फोन काढला, ग्रुपवरचं शूटिंग पुसायला गेले. ते पुसलं गेलं, पण तोवर ते चार ग्रुपांवर गेलं होतं. एका ठिकाणाहून तर ते फिरून त्यांच्याचकडे आलं होतं, खाली हात जोडलेली चित्रं लावून.

लाजेची एक गंमत असते. चूक कळते त्या वेळी ती थोडी वाटते, मग रोज नवी येते.

पहिली आली ती चाळीच्या कमिटीत. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना दोन मुली होत्या. चार-पाच महिने त्यांनीच पुष्करला "काय, डंक कसा चाललाय?" विचारलं होतं. आता ते म्हणाले, "वसंतभाऊ, इतके दिवस मला माहीत नव्हतं. आता तुम्ही माइकवर सांगितलंत म्हणजे मला माहीत झालं. मुलींचा बाप म्हणून आता मला विचारायलाच पाहिजे ना?" ते वाईट नव्हते. माहीत नसण्याची जी सोय त्यांना होती ती वसंतभाऊंनी काढून घेतली होती. आता प्रत्येकाला पुष्करबद्दल काहीतरी मत असणं भाग पडलं.

दुसरी आली डंकावर. मार्च लागला, मसाल्याचा सीझन सुरू झाला. रस्त्यापर्यंत रांगा. गिरगावच्या बाई आल्या. वसंतभाऊ तेव्हा मुद्दामच तिथं उभे होते, काहीतरी मदत होईल म्हणून. बाई पुष्करसमोरच्या स्टुलावर बसल्या. पर्स मांडीवर घेतली. मिरच्या कुटून झाल्या, चाळून झाल्या, चाळणीतला चोथा परत डंकात गेला, पण बाई एकदाही उठल्या नाहीत. पुष्करनंच विचारलं, "काकी, हिंग आणायचाय ना? जाऊन या, मी आहे."

"नको रे, घरी आहे," बाई म्हणाल्या. फार गोड बोलल्या. पर्सवरचा हात तेवढा घट्ट झाला.

पुष्करनं मसाला पिशवीत भरून दिला. त्याचे डोळे लाल होते, पण डंकावर सगळ्यांचेच डोळे लाल असतात. वसंतभाऊंना तिथं उभं राहवेना. बाईंना सांगावं, की हा फार चांगला मुलगा आहे, अशी उबळ आली. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची भीती वाटली. आपण हेच तर करत आलो, असं मनात आलं आणि ते तोंड दाबून घरी आले.

तिसरी लाज मेघनाच्या कचेरीत. तिनंच बोलावलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, तुम्ही चांगल्या मनानं केलंत, मला कळतं. पण ह्या मुलांचं नाव पेपरात येत नाही, फोटो छापत नाहीत, ते कशासाठी? कायदाच म्हणतो, ह्यांची ओळख सांगायची नाही. सरकार ज्याचं नाव झाकून ठेवत होतं ते तुम्ही माइकवर घेतलंत."

"चूक झाली, मॅडम."

"माझ्याकडे इतकी मुलं येतात. काम मिळतं, शिक्षण मिळतं, कधी पैसेपण मिळतात. शेजार मिळत नाही. ह्याला मिळाला होता. मी माझ्या वरिष्ठांना तुमच्या चाळीचं उदाहरण सांगायचे." तिनं फाईल मिटली. "आता नाही सांगत."

वसंतभाऊंनी खाली मान घालून 'हो' म्हटलं. ते सुद्धा बाहेरच्या बाकावर ऐकू गेलं.

एप्रिलमध्ये पुष्कर चाळीतून गेला. त्याची मावशी अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहते, तिच्याकडे. दीपिका नळावर आली आणि ह्या वेळी काहीच बोलली नाही. कोणी विचारलंही नाही. मागच्या वेळी एक खोटं होतं, तेवढ्यावर सगळे बोलू शकत होते. आता खरं होतं आणि बोलायला कोणापाशी काही नव्हतं. वसंतभाऊंनी जन्मभर नावं पुकारून पोरं घरी पोचवली. ह्या एकाचं नाव पुकारलं आणि तो घरातून गेला. हे त्यांना कोणी ऐकवलं नाही. ते स्वतःच स्वतःला ऐकवत बसले. मंडळाचा माइक त्यांनी परत केला. कोणी 'असू दे हो' म्हटलं नाही, हेही त्यांनी पाहिलं.

मे महिन्यात एका रविवारी ते अँटॉप हिलला निघाले. माफी मागायची होती. काय बोलायचं ते त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं, 'पुष्कर, तुझ्या पाठीवर हात ठेवायच्या निमित्तानं मी स्वतःचीच पाठ थोपटली.' वाक्य चांगलं होतं. चांगली वाक्यं त्यांना नेहमीच सुचायची, तोच तर रोग होता. जाताना त्यांनी त्याच कोकणी दुकानातून खाजा घेतला. इमारतीच्या खाली पोचल्यावर पुडक्याकडे लक्ष गेलं. त्यावर दुकानाचं नाव, 'लालबाग' असं ठसठशीत. ते जिन्याखाली उभं राहून नखानं लेबल खरवडू लागले. अर्धं निघालं, अर्धं चिकटून राहिलं, ते थुंकी लावून काढलं.

दार पुष्करनं उघडलं. वसंतभाऊंना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आत मावशी होती आणि शेजारचे एक पेन्शनर आजोबा चहा पीत बसले होते.

"कोण पाहुणे?" आजोबांनी विचारलं.

पुष्कर दाराची कडी धरून उभा होता. घोळवून आणलेलं वाक्य वसंतभाऊंच्या जिभेवर आलं होतं. आणि त्यांना दिसलं, की हे वाक्य म्हणजे दुसरा सत्कारच आहे. ते इथं बोलता येणार नाही. कदाचित कुठंच येणार नाही.

"मी... गावचा ह्याच्या," ते म्हणाले. "देवगडचा. मामाच्या वाडीतला."

"असं होय! मग तुम्हालाच शोधत होतो," आजोबा खुलले. "हा सांगत असतो गावचं. विहीर काय, काजूच्या बिया काय. खरं का हो, विहिरीत वरून उडी मारायचा?"

वसंतभाऊंनी पुष्करकडे बघितलं. पोरानं इथं स्वतःला एक अख्खं गाव बांधलं होतं, विहिरीसकट. लालबागमध्ये ते चाळीनं बांधून दिलं होतं. इथं त्याला एकट्यालाच बांधावं लागलं.

"मारायचा म्हणजे काय," वसंतभाऊ म्हणाले. "आम्ही काठावरून ओरडायचो, पण ऐकेल तर शपथ."

"आणि औंदा आंबा कसा?"

"मोहोर गळला थोडा. पण बरा आहे."

त्यांनी खाज्याचं पुडकं मावशीच्या हातात दिलं. "गावाहून आणलाय," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना दीपिकाचा दारोदार फिरतानाचा चेहरा आठवला. पुष्करनं पुडक्यावरचं खरवडलेलं लेबल पाहिलं. आजोबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "वा. मुंबईच्या खाज्याला ही चव नाही."

चहा झाला. पुष्कर जिन्यापर्यंत सोडायला आला. तिथं वसंतभाऊंना राहवलं नाही.

"पुष्कर, मी..."

"काका, हळू," पुष्कर म्हणाला.

ते हळू बोलायला गेले. जमेना. तोंड नुसतं हललं. पुष्कर खाली बघत म्हणाला, "माझा राग नाय, काका. पण परत येऊ नका इकडे. तुमचा आवाज लोकांना ओळखू येतो. गणपतीला सगळेच येतात ना लालबागला."

वसंतभाऊंनी मान हलवली. कठडा धरून ते खाली उतरले. आवारात पोचले तेवढ्यात वरून, गॅलरीतून, पेन्शनर आजोबांची हाक आली.

"अहो देवगडकर! गावाला पोचलात की आमच्या नावानं एक पेटी पाठवा हं!"

आवारात क्रिकेट खेळणारी पोरं वर बघायला लागली. आजोबांच्या शेजारी पुष्कर उभा होता, कठड्यावर दोन्ही हात ठेवून. वसंतभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा एका हाकेला ओ दिली नाही. नुसता हात वर केला, आणि गेटाबाहेर पडेपर्यंत तोंड मिटून ठेवलं.